हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. ठाणे, डोंबिवली, पुणे आणि आसपासच्या सोसायट्यांमधून ठरलेला फोन येतो: "हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे. मिस्त्री म्हणतो काही होत नाही. सोसायटीला द्यायला तुमचं एक पत्र हवं." घर पाहिल्याशिवाय मी पत्र देत नाही, आणि नुसतं तुमचं घर पाहूनही देत नाही. भिंत तुमच्या घरात असली तरी तिच्याबद्दलचं उत्तर वरच्या घरात, खालच्या घरात आणि इमारतीच्या नकाशात असतं. त्या फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

माझी भिंत भार घेणारी आहे की नुसता आडोसा, हे कसं ओळखायचं?

आधी इमारत कोणत्या जातीची आहे ते पाहा, भिंतीकडे नंतर वळा.

आपल्याकडे साधारण तीन प्रकार भेटतात. पहिला म्हणजे भिंतींवरच उभी असलेली इमारत, म्हणजे लोड बेअरिंग. जुने वाडे, चाळी, साठ-सत्तरच्या दशकातल्या दोन-तीन मजली सोसायट्या आणि कोकण-गोव्यातली चिऱ्याची घरं यात येतात. इथे खांब नसतात, स्लॅब किंवा लाकडी तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या असतात. दुसरा प्रकार खांब-बीमचा, म्हणजे आरसीसी फ्रेम. गेल्या चाळीसेक वर्षांतल्या बहुतेक इमारती अशाच आहेत. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा खांबावर आणि खांबाचा पायात जातो. विटांच्या भिंती मधल्या जागा भरायला बांधलेल्या असतात. तिसरा प्रकार अलीकडच्या टॉवरचा. त्यात भिंती विटांच्या नसून काँक्रीटच्याच असतात. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

जाडी मोजायची तर दाराच्या चौकटीपाशी मोजा. गिलाव्यासकट साडेपाच-सहा इंच भरली तर आत साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत आहे. दहा-अकरा इंच भरली तर नऊ इंची, म्हणजे पूर्ण विटेची. लोड बेअरिंग इमारतीत भार घेणाऱ्या भिंती नऊ इंच किंवा त्याहून जाड असतात, जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटांच्याही. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. फ्रेमच्या इमारतीतही बाहेरच्या आणि दोन फ्लॅटमधल्या भिंती नऊ इंची बांधायची पद्धत होती.

मला सर्वात भरवशाची वाटणारी खूण भिंतीच्या माथ्यावर सापडते. जिथे भिंत छताला किंवा बीमला भिडते, तिथला वीतभर गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढायचा. फ्रेमच्या इमारतीत आधी स्लॅब पडतो आणि भिंत नंतर बांधली जाते. त्यामुळे शेवटचा थर गवंड्याने खालून कोंबून बसवलेला असतो: विटांचे तुकडे, आडवे-तिरपे, वर भुसभुशीत माल आणि मध्ये सरळ फट. लोड बेअरिंगमध्ये उलट असतं. भिंत आधी उभी राहते आणि स्लॅब तिच्यावर ओतला जातो, म्हणून काँक्रीटचं पाणी विटांच्या सांध्यांत उतरून घट्ट झालेलं असतं आणि फट शोधूनही सापडत नाही. वीतभर गिलाव्याची दुरुस्ती एका दुपारची असते, त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

मिस्त्री बोटाने ठोकून सांगतो की भिंत पोकळ आहे. विश्वास ठेवावा का?

ठोकून एवढंच कळतं की गिलावा सुटला आहे की नाही आणि आत वीट आहे, ब्लॉक आहे की काँक्रीट. भिंतीवर वरून काय टेकलं आहे ते आवाजातून कळत नाही. अनुभवी मिस्त्रीचा हात मला फार मोलाचा वाटतो, भिंत कशी उतरवायची ते तो माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. पण उतरवायची की नाही हा प्रश्न त्याच्यावर टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे.

आमची इमारत खांब-बीमची आहे आणि भिंत साडेचार इंची. मग तर काहीच अडचण नाही ना?

बऱ्याचदा नसते. तरीही तीन गोष्टी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

पहिली गोष्ट वरच्या मजल्यावर. तुमच्या भिंतीच्या बरोबर वर त्यांचीही भिंत आहे का आणि दोन्हींच्या मध्ये बीम आहे का? बीम असेल तर वरची भिंत बीमवर उभी आहे. बीम नसेल तर ती नुसत्या स्लॅबवर उभी आहे, आणि इतकी वर्षं खालून तुमची भिंत त्या स्लॅबला हात देत असण्याची शक्यता आहे. वरच्यांनी त्या भिंतीला टेकून पुस्तकांचं भरगच्च कपाट ठेवलं असेल तर तेही हिशेबात धरावं लागतं.

दुसरी गोष्ट इमारतीचं वय. काँक्रीटचं बीम वर्षानुवर्षं भार घेत थोडं थोडं खाली झुकतं. त्यात गळती असेल किंवा खाऱ्या हवेने सळया गंजल्या असतील तर जास्तच. खाली आडोशाला बांधलेली भिंत असली की झुकलेलं बीम हळूहळू तिच्यावर टेकतं. नकाशात ती पार्टिशन असते, प्रत्यक्षात मात्र ती टेकू झालेली असते.

ठाण्यातल्या एका जुन्या तीन मजली सोसायटीत मी हे अगदी जवळून पाहिलं आहे. पहिल्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघर आणि हॉलमधली साडेचार इंची भिंत. कागदावर सगळं स्वच्छ होतं. माथ्याचा गिलावा काढला आणि फटीत हॅकसॉचं पातं सरकवून पाहिलं. भिंतीच्या दोन्ही टोकांना, खांबांजवळ, पातं दोन इंच आत गेलं. मधोमध मात्र ते जराही शिरेना. तिथला विटांचा वरचा थर चेपून त्याचा भुगा झाला होता आणि बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत तांबूस डाग होते. पाच फुटांवर गॅसच्या ओट्यापाशी घरातल्या काकू चहा करत होत्या. त्यांना मी ते पातं हातात देऊन स्वतः सरकवून बघायला सांगितलं. भिंत त्या वर्षी राहिली. आधी बीमची दुरुस्ती झाली, तीही सोसायटीच्या खर्चाने, कारण बीम सगळ्या इमारतीचं असतं. नंतर लोखंडी आधार देऊन भिंतीत पाच फुटांची मोकळी वाट काढली.

तिसरी गोष्ट भूकंपाची. विटांच्या भिंती रोजचा भार घेत नसल्या तरी इमारत आडवी हलते तेव्हा त्या चौकटीला ताठ ठेवतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजपासून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही अनेक इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येकींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती जवळजवळ नव्हत्या. वरचे मजले ताठ आणि खालचा लेचापेचा, हा फरक घातक ठरतो. म्हणून तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर एकापेक्षा जास्त भिंती काढायच्या असतील तर मी फार सावध असतो. कोयना आणि किल्लारी दोन्ही महाराष्ट्रातच आहेत.

आम्ही नव्या टॉवरमध्ये राहतो. तिथे काय?

बिल्डरला किंवा सोसायटीला एकच प्रश्न विचारा: इमारत माईवान पद्धतीची आहे का? अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात, त्याला आपल्याकडे माईवान म्हणतात. अशा इमारतीत आतल्या बहुतेक भिंती सहा इंचांच्या आसपास जाडीच्या, सळ्यांची जाळी असलेल्या काँक्रीटच्या असतात आणि त्या भिंतीच इमारतीचे खांब असतात. खिळा ठोकायला गेलात तर वाकतो, ड्रिल काही मिलिमीटरवर अडतं, गिलावा नसतो आणि पुट्टीखाली थेट काँक्रीट लागतं.

ही भिंत काढता येत नाही. अर्धी नाही, खिडकीएवढी नाही, एसीच्या पाइपसाठी मोठं भोकसुद्धा विचारल्याशिवाय नाही. इथे उत्तर "नाही" असंच आहे, आणि ते फ्लॅट घेण्याआधी कळलेलं बरं. अशा इमारतींतही एखादी भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, असू शकते, तेवढीच काय ती हलवता येते. कोणती ते स्ट्रक्चरल नकाशात दिसतं.

आमचं गावचं घर चिऱ्याचं आहे, किंवा वाड्यात राहतो. तिथे भिंत काढता येते का?

येते, पण ते काम भिंत काढण्याचं नाही, भिंतीच्या जागी दुसरा आधार देण्याचं आहे. क्रम साधारण असा. भिंतीच्या माथ्याजवळ ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांतून लोखंडी आडव्या तुळया घालायच्या आणि दोन्ही बाजूंनी त्यांना जॅक द्यायचे. वरचा भार जॅकवर आला की मगच खालची भिंत काढायची. मोकळ्या जागेवर लोखंडी आय सेक्शनची, म्हणजे इंग्रजी I आकाराच्या तुळयांची, जोडी बसवायची. तिची टोकं नुसत्या विटेवर किंवा चिऱ्यावर टेकवायची नाहीत, दोन्ही बाजूंना काँक्रीटची बैठक करून त्यावर. वरची भिंत आणि लोखंड यांच्यामधली फट आक्रसणार नाही अशा ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या मालाने, ठासून भरायची, ते पक्कं झालं की जॅक थोडे थोडे सैल करायचे. एकदम काढायचे नाहीत.

चिऱ्याबद्दल एक सांगायला हवं. जांभा दगड दाबाचं वजन छान घेतो, पण एका बिंदूवर जोर आला किंवा सतत ओल राहिली की झिजतो, कडा सुटतात. म्हणून चिऱ्याच्या घरात बैठक जरा लांबरुंद घ्यावी. मातीच्या मालात बांधलेल्या भिंती असतील तर त्या हादऱ्याने सुटतात, तिथे ब्रेकर मशीन आणूच नका.

लाकडी वाड्यात खण मोजा, खांब आणि तुळई कुठे आहेत ते पाहा. दोन खांबांच्या मधली पातळ भिंत अनेकदा नंतर, वाटण्यांच्या वेळी घातलेली असते. ती बिनधोक निघू शकते. मात्र तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असेल तर ते वाळवीने खाल्लं आहे का, हे आधी टोचून पाहा.

सोसायटीची परवानगी लागते का? घर तर माझं आहे.

लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे तर कमिटीची आगाऊ लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत सध्याचा आणि बदललेला नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला आणि ठेकेदाराचं नाव द्या. काम किती दिवस चालेल आणि राडारोडा कसा नेणार, हेही लिहा. बहुतेक सोसायट्या परत मिळणारी अनामत घेतात. ती मागितली तर नाराज होऊ नका, जिने आणि लिफ्ट सगळ्यांची असते.

पालिकेचा भाग वेगळा. गिलावा, फरशी, रंग, नळदुरुस्ती यांना वेगळी परवानगी लागत नाही. भिंत हलली की मंजूर नकाशा बदलतो. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४२ खाली इमारतीतल्या फेरबदलांची सूचना द्यावी लागते, बाकी महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आणि स्थानिक नियम पाहावे लागतात. सगळीकडे प्रक्रिया एकसारखी नाही, म्हणून तुमच्या पालिकेत नोंद असलेल्या वास्तुविशारदाला विचारा. पागडीच्या किंवा भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घ्या. जुन्या मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतीत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही जावं लागतं. घरावर कर्ज असेल तर कर्जाचा करार वाचून काढा, फेरबदलाआधी बँकेला कळवण्याची अट त्यात असू शकते.

नवा फ्लॅट असेल तर आणखी एक. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. परवानगीशिवाय भिंत पाडलीत आणि पुढे भेग पडली, तर ती तुमच्या तोडफोडीने पडली असं म्हणायला त्याला जागा मिळते.

आमच्या विंगमध्ये चौघांनी हीच भिंत काढली आहे. त्यांना काही झालं नाही.

हे वाक्य ऐकलं की मला जास्त काळजी वाटते. पाच मजल्यांवर एकेका भिंतीने थोडा थोडा हातभार लावला असेल, तर पहिल्या चौघांनी आपापला भाग बाकीच्यांवर ढकलला आहे. तुमची भिंत कदाचित त्या ओळीतली शेवटची असेल. चौघांना काही झालं नाही याचा अर्थ इमारतीने ते आतापर्यंत सोसलं, एवढाच. पाचव्यासाठी हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि तो पाचही मजल्यांचा मिळून मांडावा लागतो.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. मेलेल्यांत वरच्या मजल्यांवरची माणसं होती, आपापल्या घरात असलेली. ही घटना मी प्रत्येक सोसायटीच्या सभेत सांगतो. भिंत आणि खांब यांत फरक आहे हे मला माहीत आहे. पण गिलाव्याखाली दडलेला खांब आणि भिंतीचं टोक यांतला फरक ब्रेकर चालवणाऱ्या मुलाला कोणीतरी आधी खडूने आखून दिलेला असला पाहिजे.

पूर्ण भिंत काढावी की अर्धी?

माझं मत विचाराल तर दहांतल्या सात घरांत पूर्ण भिंत काढायची गरज नसते. लोकांना हवा असतो उजेड, वारा आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा बाकीच्या घराशी संवाद. ओट्याच्या वर चार फुटांची खिडकी काढली, वर लिंटेल, म्हणजे मोकळ्या जागेवरची भिंत तोलणारी आडवी पट्टी, दिलं, खाली कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची फळी बसवली की यातलं बरंच मिळतं. लिंटेलची टोकं दोन्ही बाजूंना किमान सहा-आठ इंच भिंतीत जायला हवीत.

दार रुंद करणं हाही चांगला मार्ग. अडीच फुटांचं दार पाच फुटांची सरकती चौकट झालं की घर मोकळं वाटतं, आणि फोडणीच्या वेळी लावून घेता येतं. भिंतीची दोन्ही टोकं फूट-फूटभर ठेवली तर खांबाजवळची कटकट वाचते, स्विचबोर्ड तिथेच राहतात आणि फ्रिजला पाठ मिळते.

भिंतीच्या आत काय काय सापडू शकतं?

वायरिंगचे पाइप हमखास. मेन बोर्डाकडून किचनकडे जाणारी लाइन त्याच भिंतीतून गेलेली असते. जुन्या घरात पाण्याची लोखंडी लाइनही. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक बोर्डाची लाइन कुठून येते ते आधी भिंतीवर खडूने काढून घ्या आणि पाडायच्या दिवशी ती सर्किट मीटरपासून बंद ठेवा. पाइपच्या गॅसची लाइन असेल तर तिला हात फक्त गॅस कंपनीच्या माणसाने लावायचा. प्लंबरला "जरा सरकवून दे" म्हणू नका.

न्हाणीघराला किंवा डक्टला लागून असलेली भिंत वेगळी समजा. तिच्यात खालच्या-वरच्या घरांच्या लाइन असू शकतात, आणि तिथला वॉटरप्रूफिंगचा थर एकदा तुटला की ओल खालच्यांच्या छतात उतरते.

प्रत्यक्ष पाडताना काय काळजी घ्यायची?

वरून खाली, थराथराने. घणाचा एक दणका देऊन भिंत आडवी करणं जलद होतं, पण साडेचार इंची, दहा फूट लांबीची भिंत गिलाव्यासकट साधारण अडीच टनांची असते. ती एकसंध कोसळली तर तुमच्या फरशीखालच्या स्लॅबला बसणारा धक्का कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो.

आधी दोन्ही बाजूंना, खांबापासून थोडं अंतर ठेवून, कटरने उभी चीर मारून घ्यायची, म्हणजे हादरा खांबाकडे जात नाही. मग माथ्याचा थर सुटा करायचा आणि छिन्नी-हातोडीने एकेक ओळ उतरवायची. भिंतीवर पाणी मारत राहिलं की धूळ निम्म्याने कमी होते. जवळच्या खोल्यांच्या दारांना प्लास्टिक लावा, एसी झाकून ठेवा. काम करणाऱ्या माणसांना मास्क, चष्मा, हातमोजे तुम्ही स्वतः आणून द्या. विटा-सिमेंटची बारीक धूळ त्यांच्या छातीत रोज जाते, आपल्याकडे एक दिवसच.

इंजिनीअरने जॅक लावायला सांगितले असतील तर ते खालच्या घरातही त्याच रेषेत लावायचे असतात का, हे विचारा. वरचा भार जॅकमधून तुमच्या फरशीवर येतो, तिथून पुढे त्याला वाट हवी. यासाठी खालच्या शेजाऱ्यांशी आठवडाभर आधी बोला, त्यांच्या घरात जाऊन, फोनवर नाही. त्याच वेळी त्यांच्या आणि वरच्यांच्या छत-भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आधीपासूनच्या भेगा दोघांनाही माहीत असल्या की नंतर वाद होत नाहीत.

वेळ सोसायटीच्या नियमाप्रमाणे. दुपारची दोन ते चार शांतता पाळा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत तोडफोड ठेवू नका.

राडारोड्याचं काय?

याकडे फार कमी लोक गंभीरपणे पाहतात, म्हणून थोडा हिशेब सांगतो. घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरायला सांगतं. पाडलेल्या विटांचा ढीग एक मीटर उंच झाला की त्याच एक चौरस मीटरवर हजार किलोंहून जास्त वजन येतं. स्लॅबमध्ये राखीव ताकद असते, म्हणून तो लगेच पडत नाही. पण जुन्या इमारतीत ही परीक्षा घ्यायची नाही. ढीग हॉलच्या मध्यावर कधीच नको. पाडता पाडता गोण्या भरायच्या, भिंतींच्या कडेने पसरून ठेवायच्या आणि त्याच दिवशी खाली उतरवायच्या.

मघाच्या दहा फूट लांबीच्या भिंतीच्या पंचवीस-तीस किलोंच्या ऐंशी ते शंभर गोण्या होतात. मोकळा झाल्यावर हा माल साधारण दोन-तृतीयांश ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरतो. कामगारांशी बोलताना किती मजले उतरवायचं आहे ते आधी ठरवा, कारण बहुतेक सोसायट्या यासाठी लिफ्ट देत नाहीत. रस्त्याकडेला किंवा नाल्यात टाकणं हा गुन्हा आहे. मुंबईत पालिकेची "डेब्रिज ऑन कॉल" सेवा आहे, इतर शहरांत पालिकेने ठरवलेली जागा विचारून घ्या.

खर्च कशाकशाचा धरायचा?

पाडण्याची मजुरी हा सर्वात छोटा आकडा असतो, आणि लोक तेवढाच विचारतात. इंजिनीअरची फी, राडारोड्याची वाहतूक, वायरिंग हलवणं, फरशीची पट्टी, छताची दुरुस्ती, रंग आणि गरज पडली तर लोखंडी आधार, हे सगळं मांडून मग ठरवा. रंग फक्त त्या भिंतीपुरता होत नाही, दोन्ही खोल्या रंगवाव्या लागतात. भिंत एका दिवसात जाते. घर पुन्हा राहण्यासारखं व्हायला दोन-तीन आठवडे धरा.

भिंत गेल्यावर फरशीत आणि छतात जी खूण राहते, तिचं काय करायचं?

फरशीत सहा इंचांची रिकामी पट्टी दिसेल, आणि दोन्ही खोल्यांच्या फरश्यांच्या पातळीत अर्धा-पाऊण सेंटिमीटर फरक असण्याची शक्यता बरीच. जुनी टाइल बाजारात मिळत नाही, शोधण्यात दिवस घालवू नका. काळ्या कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी मुद्दाम वेगळी दिसेल अशी बसवा, ती उंबऱ्यासारखी शोभते आणि पातळीतला फरकही त्यात सामावतो. मोझेक असेल तर पट्टी भरून दोन्ही खोल्या पुन्हा घासून घेता येतात.

छतात बीम असेल तर ते खाली लोंबतं राहणारच. ते लपवायला फॉल्स सीलिंग करा, पण बीमचा तळ कायमचा झाकून टाकू नका. एखादी उघडता येणारी चौकट ठेवा, पुढच्या स्ट्रक्चरल ऑडिटला ते बघावं लागणार आहे. बीम आडवं येतं म्हणून कोणी "थोडं तासून देतो" म्हणालं तर त्याला त्याच क्षणी थांबवा.

ओपन किचनमध्ये फोडणीचा वास घरभर होतो का?

होतो. सुकटाचं, मिरचीच्या खरड्याचं किंवा तळणीचं स्वयंपाकघर असेल तर धूर बाहेर नेणारी चिमणी घ्या, आणि तिचा पाइप जेवढा आखूड आणि सरळ जाईल तेवढं चांगलं. नुसती गाळून हवा परत घरात सोडणारी चिमणी आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. आधी महिनाभर किचनचं दार काढून ठेवून राहून बघा. त्यानंतरही सगळ्यांना आवडलं तर पुढे जा.

शेजारचा फ्लॅट घेतला आहे. दोन्ही जोडायचे तर मधली भिंत?

वर लिहिलेलं सगळं लागू, शिवाय पालिकेची परवानगी इथे टाळता येतच नाही. दोन फ्लॅटच्या मधल्या रेषेत खांब आणि मोठे बीम असण्याची शक्यता जास्त, म्हणून पूर्ण भिंतीऐवजी तीन-साडेतीन फुटांची दाराएवढी वाट मागा. दुसरं किचन काढून तिथे न्हाणीघर करायचा विचार असेल तर थांबा. खाली कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे.

काम झाल्यावर भेग दिसू लागली. घाबरायचं का?

गिलाव्याच्या नव्या-जुन्या सांध्यावर केसाएवढी भेग येते, ती बहुतेक वेळा सुकण्याची असते. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवा, शेजारी तारीख लिहा. महिना-दोन महिन्यांत काच तडकली तर हालचाल चालू आहे.

काही खुणा मात्र वाट पाहायच्या नाहीत. वरच्यांचं दार अचानक घासू लागणं, बीमच्या मधोमध तळाशी उभी भेग, खांबाजवळ तिरपी भेग, वरच्या घरातली फरशी उचकटणं, रात्री तडकल्यासारखा आवाज. यातलं काहीही दिसलं तर त्या भागातली माणसं हलवा आणि इंजिनीअरला त्याच दिवशी बोलवा. जॅक कोणत्या ठेकेदाराकडून तासाभरात मिळतील, हे काम सुरू करतानाच विचारून ठेवलेलं असावं.

कोणते कागद जपून ठेवायचे?

सोसायटीचं परवानगीपत्र, इंजिनीअरचा दाखला, आधीचा आणि नंतरचा नकाशा, पालिकेची पोच. आणि फोटो: उघडा पडलेला माथा, बीमचा तळ, लोखंड बसवतानाचे टप्पे, वायरिंगचे नवे मार्ग. लोखंड ग्राउटखाली आणि रंगाखाली गेलं की नंतर ते कोणालाच दिसत नाही.

या फाइलची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट होतं, तेव्हा येणारा इंजिनीअर आधी तीच मागेल. उद्या तुम्ही फ्लॅट विकलात आणि वरच्या मजल्यावर कोणी भिंत काढायला निघालं, तर तुमच्या जागी आता काय उभं आहे हे त्याला त्याच फाइलमधून कळेल.